बारा किलोमीटरवरचं स्थळ

कर्जतहून खोपोलीला जाणारी रेल्वे जेमतेम पंधरा किलोमीटरची. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली. तेवढ्यात कर्जत तालुका संपतो आणि खालापूर तालुका लागतो. दोन्हीकडे भाताचीच शेती, पाऊस सारखाच कोसळणारा, नोकरीसाठी ठाणं, मुंबई किंवा रसायनी गाठणारी तरुण मुलंही सारखीच. तरीही सोयरिकी जुळताना ही दोन टोकं क्वचितच एकमेकांना दिसतात. सोयरीक नात्याच्या वाटेने चालते, आणि नात्याची वाट जातीच्या बाहेर फारशी जात नाही. कर्जतच्या मुलीचं स्थळ उरणहून येतं, पेणहून येतं, डोंबिवलीच्या पलीकडच्या गावांतून येतं. शेजारच्या तालुक्यातला मुलगा मात्र तिच्या घरी कुणाला माहीतही नसतो.

खाली जे बोलणं आहे, ते कुणा एका घरातलं नाही. या भागात दोन्ही बाजूंनी जे बोललं जातं, ते मी एका आत्याच्या आणि भाचीच्या तोंडी दिलं आहे. आत्या चौक गावाजवळ राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली आहे, नात्यातली बरीच लग्नं तिने जमवली आहेत. भाची कर्जतची, ठाण्यात एका कार्यालयात हिशेबाचं काम करते, रोज लोकलने जाते-येते. डेटिंग ॲपवर ओळख झालेल्या, खोपोलीजवळच्या गावातल्या मुलाशी तिचा साखरपुडा ठरतो आहे. मुलगा पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करतो. घरच्यांनी होकार दिला आहे. आत्याने दिलेला नाही.

आत्या : आधी एवढंच सांग. आपल्यातला आहे का?

भाची : नाही. आईने तुला सांगितलं असेलच.

आत्या : सांगितलं. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. जातीसाठी मी आडवी येणार नाही. सगळा जन्म वर्गात मुलांना माणसं सारखी म्हणून शिकवलं आणि घरात उलटं वागले, असं मला कुणी म्हणायला नको. पण आम्ही तुझ्यासाठी स्थळं बघतच होतो ना? मग फोनवर माणूस शोधायची वेळ का आली?

भाची : बघत होतात. पण ती सगळी कुठली होती ते आठव. जिथे आपलं कुणी दिलेलं आहे किंवा कुणी केलेलं आहे, तिथलीच. हा मुलगा माझ्यापासून बारा किलोमीटरवर लहानाचा मोठा झाला. त्याचं नाव आपल्या घरापर्यंत यायला वाटच नव्हती. बाबांनी लग्नाच्या साइटवर माझं नाव घातलं होतं, तिथेही नव्हती. तिथे नाव घालतानाच जात, पोटजात भरायची, आणि समोरच्याने त्यावरूनच निवडायचं. या ॲपने मला वय विचारलं आणि किती किलोमीटरपर्यंतची माणसं दाखवू, ते विचारलं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण भाचीने सहज सांगितलेली ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. विवाहाची संकेतस्थळं आपल्याकडे 1990 च्या दशकाच्या अखेरीस आली. त्यांनी वधूवरांची वही संगणकावर नेली, पण वहीतले रकाने तसेच ठेवले. त्यानंतरही, 2011-12 च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचं प्रमाण शंभरात पाचच्या आसपास होतं. टिंडर 2012 मध्ये अमेरिकेत सुरू झालं आणि पुढे तशी अनेक ॲप्स आपल्या फोनमध्ये आली. त्यांचा हेतू समाजसुधारणा हा मुळीच नव्हता. फोन कुठे आहे हे त्यांना कळतं, म्हणून त्यांनी अंतराने माणसं मांडली. पण जिथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या जातीने मांडली गेली, तिथे नुसत्या अंतराने मांडणं हीच मोठी उलथापालथ ठरते.

आत्या : किलोमीटरवरून माणूस कळतो होय? माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर काय काय माणसं राहतात, ते मला विचार.

भाची : कळत नाहीच. सुरुवातीला मी वैतागून ॲप काढून टाकलं होतं. शनिवार-रविवार आला की यादी एकदम फुगायची. मुंबई-पुण्याहून इथल्या फार्महाऊसवर आलेली मुलं. त्यांना दोन दिवसांपुरतं कुणीतरी हवं असायचं. मी कर्जतची आहे म्हटलं की विचारायचे, तुमचा रिसॉर्ट आहे का? सोमवारी ती सगळी गायब, आणि मागे उरायची ती इथलीच मोजकी माणसं. हा सोमवारी उरलेल्यांतला.

आत्या : आणि मग?

भाची : मग गाडीवरून बोलणं सुरू झालं. खोपोलीच्या गाड्या किती कमी आहेत, एक चुकली की कर्जतला किती वेळ बसावं लागतं. त्याची रात्रपाळी असली की तो सकाळी लिहायचा, मी संध्याकाळी परतताना बदलापूर सोडल्यावर वाचायचे. लगेच भेटू म्हणून मागे लागला नाही. पावसाळा सरला, नवरात्र झालं, तेव्हा मीच म्हटलं, भेटू. दिवसाउजेडी, कर्जत स्टेशनावर, माणसांच्या गर्दीत. कुठे जातेय ते मैत्रिणीला सांगून गेले होते.

आत्या : म्हणजे भीती होतीच.

भाची : होती. अजूनही अनोळखी माणसाला भेटायचं तर वाटेल. पण आत्या, बघायला येणारेही अनोळखीच असतात. फक्त ते आपल्या घरात बसलेले असतात, म्हणून आपल्याला सुरक्षित वाटतं.

आत्या : घरात बसलेल्या माणसाचं नाव-गाव खरं असतं. त्याला कुणीतरी आणलेलं असतं. फोनवरचा फोटो दुसऱ्याचा, नोकरी खोटी, आणि नंतर परदेशातून पार्सल पाठवलंय, कस्टममध्ये अडकलंय, पैसे भर. माझ्याबरोबरच्या एका बाईंच्या मुलीचे असेच पैसे गेले. लाजेने कुठे बोलली नाही. लग्नाच्या साइटींसाठी तरी केंद्र सरकारने 2016 च्या जूनमध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. ओळखीची कागदपत्रं घ्या, साइट लग्नासाठीच आहे, डेटिंगसाठी नाही, असं स्पष्ट लिहा. तुझं ॲप त्यातही बसत नाही.

भाची : नाही बसत. म्हणून जे ॲपने केलं नाही ते मी केलं. आधी व्हिडिओ कॉल. भेटल्यावर त्याचं कंपनीचं ओळखपत्र बघितलं, माझं दाखवलं. दादाला त्याच्या कंपनीच्या गेटवर सुटीच्या वेळी पाठवलं. पैशाची गोष्ट त्याने कधी काढली असती तर त्याच क्षणी 1930 वर तक्रार केली असती. त्या मुलीला कुणी तेव्हा एवढं जरी सांगितलं असतं, की लाजू नकोस, 1930 ला फोन कर, तर बरं झालं असतं. लाज लुबाडणाऱ्याला वाटायला हवी.

आत्या : ते खरं. पण मला खटकतं ते आणखी खोल आहे. तुमच्या त्या ॲपवर माणूस आवडला नाही की बोटाने बाजूला सारायचा. भाजी निवडल्यासारखा. त्याला कळतही नाही की आपल्याला नाकारलं. नकार इतका सोपा झाला की होकारही हलका होतो. आज तुझ्याशी बोलतो, उद्या आणखी कुणी दिसली की तू बाजूला. नकाराला काहीतरी किंमत असली पाहिजे. समोर येऊन बसावं लागलं पाहिजे, डोळ्यांत बघावं लागलं पाहिजे.

भाची : किंमत होतीच की. ती कोण भरत आलं? तुला बघायला आले होते, त्यातल्या एकाची गोष्ट तू मला सांगितली आहेस.

आत्या : कुठली?

भाची : रंगावरून नाही म्हणाले ती. निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

आत्या : हो. आणि आम्ही पत्रिका दिलीच नव्हती.

भाची : डोळ्यांत बघून कुठे सांगितलं त्यांनी? आणि तुला तो नको होता, तर तुला म्हणता आलं असतं का?

आत्या : माझ्या वडिलांनी विचारलं असतं कदाचित.

भाची : विचारलं होतं?

आत्या : नाही.

हा नकाराचा प्रश्न आपल्याकडे जुना आहे आणि त्याची सर्वांत ठळक साक्ष मुंबईतच नोंदलेली आहे. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. मोठ्या झाल्यावर त्यांनी नवऱ्याच्या घरी जायला नकार दिला. नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, 1884 मध्ये खटला घातला. 1887 च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन परतल्या. एका बाईच्या ‘नाही’ला तेव्हा केवढं मोल पडत होतं, ते यात दिसतं. आज तुरुंग नाही, पण पोहे खाऊन गेलेल्या पाहुण्यांना मुलीने नाही म्हटलं की मामाचा शब्द खाली पडतो, वडिलांना चारचौघांत ऐकून घ्यावं लागतं, आणि पुढचं स्थळ आणताना ‘हिला काय हवंय कुणास ठाऊक’ असं बोललं जातं. ॲपवरच्या नकाराने कुणाचाच शब्द खाली पडत नाही. कुणाची अब्रू पणाला लागण्याआधी मुलीला नाही म्हणता येणं, आणि तेही पुन्हा पुन्हा म्हणता येणं, हा मला या सगळ्या प्रकारातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. आत्याचं म्हणणं मला कळतं. माणसं अशी सारली जाऊ नयेत, हेही खरंच आहे. पण नकार महाग असताना त्याचा भार दोन्ही बाजूंवर सारखा कधीच नव्हता, त्यामुळे तो स्वस्त झाल्याचं मला दुःख होत नाही.

आत्या : बरं, नकाराचं राहू दे. होकाराचं बोल. मी ज्यांची लग्नं जमवली, त्यांच्यात पुढे काही बिनसलं तर माणसं माझ्याकडे आली. एकीला सासरी मारलं, तर मी रात्री रिक्षा करून गेले होते. मुलाच्या बापाला अंगणात उभं करून विचारलं, माझ्या शब्दावर मुलगी दिली आहे, हे काय चाललंय? मध्यस्थ म्हणजे नुसतं नाव सुचवणारा माणूस नव्हे. तो पुढे जबाबदार असतो. उद्या तुझं काही झालं तर कुणाच्या अंगणात जायचं? ॲपवाल्यांच्या?

भाची : त्या रात्री तू गेलीस. मग ती मुलगी आज कुठे आहे?

आत्या : तिथेच आहे. दोन मुलं आहेत.

भाची : मार थांबला?

आत्या : कमी झाला.

भाची : आत्या, तू गेलीस हे मोठंच आहे. दुसरं कुणी गेलं नसतं. पण मध्यस्थाचा शब्द खाली पडू नये म्हणून तिला तिथेच ठेवलं गेलं का, हा प्रश्न मला पडतो. माझ्या एका मैत्रिणीच्या मध्यस्थांनी तर फक्त ‘सांभाळून घे’ एवढंच सांगितलं. लग्न ज्यांनी जमवलं, त्यांना ते टिकलेलंच हवं असतं.

आत्या : हो, हवं असतं. मलाही हवं होतं. त्या मुलीला मी माहेरी आणायला हवं होतं का, हे मी स्वतःला विचारलं नाही असं समजू नकोस. पण म्हणून कुणीच नको, हे उत्तर नाही. तू एकटी, तो एकटा, आणि मध्ये एक यंत्र. हे मला पटत नाही.

भाची : मलाही नाही पटत. म्हणून तर तुझ्यापुढे बसले आहे. आम्ही दोघं सज्ञान आहोत. दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घराण्याची की समाजाची परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये शक्तिवाहिनी खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे. परवानगीसाठी मी आलेले नाही. तू लग्नात हवीस म्हणून आले आहे.

आत्या गप्प बसली नाही, तिने विषय बदलला. पण भाचीच्या या वाक्यात मला एक फरक दिसतो, जो दोन्ही बाजूंच्या वादात बहुतेक वेळा हरवतो. परवानगी देणारं घर आणि पाठीशी उभं राहणारं घर, या वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या पद्धतीत पाठीशी उभं राहायचं ते परवानगी दिली म्हणून. मुलीने आपणहून निवडलं की घर म्हणायचं, तूच निवडलास, तूच निस्तर. ही शिक्षा आजही दिली जाते आणि ती फार वाईट आहे, कारण तिच्यामुळेच मुली त्रास सोसून गप्प राहतात. आणि गाठ घालून देणारे तर बदलत चालले आहेत. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत 2017 मध्ये भेटलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी सुमारे 39 टक्के इंटरनेटवरून भेटलेले आढळले. तिथे इंटरनेटने मागे टाकलं ते मित्रमैत्रिणींनी गाठ घालून देण्याला. आपल्याकडे मागे पडेल ती आत्या, मामा, आणि गावातले ते चार जण. गाठ घालून द्यायचं काम त्यांच्याकडून गेलं तरी चालेल. अंगणात जाऊन उभं राहायचं काम त्यांनी सोडता कामा नये. मुलीने कुणाला कुठे गाठलं, याच्याशी त्या कामाचा काही संबंध नाही.

आत्या : साखरपुडा कुठे करताय? फार्महाऊसवर?

भाची : घरी, अंगणात. आवणी सुरू व्हायच्या आत. एकदा लावणीला लागलो की कुणाला उसंत नाही. लग्न तुळशीच्या लग्नानंतर.

आत्या : हळदीला धवलारीण सांगणार ना? त्यांच्यात पद्धत आहे का?

भाची : त्यांच्यात नाही. त्याच्या आईला मी सांगितलं, आमच्याकडे धवलारीण लग्नाची गाणी, धवले म्हणते, त्याशिवाय लग्न लागत नाही. त्या म्हणाल्या, मग आम्ही ऐकायला येऊ.

आत्या : बाई बरी दिसते.

भाची : तुला भेटायचं आहे त्यांना.

आत्या : मी जाणारच होते. सांगितलं असतंस तरी आणि नसतंस तरी. रविवारी सकाळी जाते. आधी त्यांच्या घरी नाही, आधी गावात. दुकानावर, मंदिरात, पाण्यावर. मुलगा पितो का, बाप कसा आहे, घरात सुनेला कसं वागवतात. व्हिडिओ कॉलवर हे दिसत नाही. ओळखपत्रावर तर नाहीच नाही.

भाची : जा. तू जावंस असंच मला वाटतं. दादा गेटवर उभा राहून जेवढं बघू शकतो, त्याच्या दसपट तू एका दुकानात उभी राहून बघशील. पण मग आपल्याकडचंही सांगायला लागेल.

आत्या : आपल्याकडचं काय?

भाची : बाबांचं कर्ज. शेतावर बोजा आहे, आणि लग्नानंतरही माझ्या पगारातला हप्ता काही वर्षं इकडे येणार आहे. त्याला मी दुसऱ्या की तिसऱ्या भेटीतच सांगितलं. तो म्हणाला, हप्ता चालू ठेव. त्याच्या आईवडिलांना मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही. बाबांना ते जमणार नाही.

आत्या : साखरपुड्याआधी कर्ज उघड करायचं? असं कुणी करतं? मी आजवर जमवलेल्या एकाही लग्नात मुलीकडच्यांनी आपणहून असं सांगितलेलं नाही.

भाची : आणि नंतर कळलं तेव्हा काय झालं?

आत्या : काय व्हायचं? टोमणे. मुलीला.

भाची : म्हणूनच. चौकशी आपण त्यांची करतो तर त्यांनाही आपली करू दे. लपवून झालेल्या लग्नात मी रोज भीत बसेन. ॲपवर मला जे पहिल्यांदा करता आलं ते हेच होतं, की कुणी मध्ये नसताना मी माझ्याबद्दलचं खरं सांगितलं आणि तो उठून गेला नाही. आता हेच मोठ्या माणसांमध्ये व्हायला हवं, आणि ते मी करू शकत नाही. मी बोलले तर उद्धट ठरेन. तू बोललीस तर ऐकतील.

आत्या : म्हणजे जमवलं तुम्ही, आणि मध्यस्थ मी?

भाची : असशील तर.

आत्या : मी आकडा माहीत नसताना कुणाच्या ओटीवर बसत नाही. तुझा बाप मला दोन वर्षं झाली, ‘फेडतोय, फेडतोय’ म्हणून सांगतोय. किती राहिलंय ते तोंडी नको. सात-बारा आण, त्यावर बोजा काय चढवलाय ते मला वाचू दे. बँकेचा उतारा आण.

भाची : सात-बारा ऑनलाइन निघतो. आत्ता फोनवरच काढून देते.

आत्या : काढ. गट नंबर माहीत आहे ना? आणि त्यांचं गाव कुठलं म्हणालीस? त्यांच्या जमिनीचाही बघून ठेवू, म्हणजे रविवारी दोन्ही कागद हातात असतील.